पट्टाकरवत आणि वस्तीवरचा कारखाना

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास ज्या अवर्षणग्रस्त मुलखात खेळू लागले, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयाने ज्याच्या सीमेवरील गावांचे रूपच पालटून टाकले, त्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील माणसाला यंत्राचे अप्रूप आता उरलेले नाही. वालचंदनगरला १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना उभा राहिला व त्याच्या आश्रयाने अवजड यंत्रनिर्मितीचा उद्योग वाढीस लागला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. बारामतीला औद्योगिक वसाहत झाली. आणि या निरनिराळ्या ठिकाणी फिटर, टर्नर, वेल्डर किंवा सुतार म्हणून उमेदीची वर्षे खर्ची घातलेली माणसे सेवानिवृत्तीनंतर आपल्या वस्तीवर, गोठ्याला लागून पत्र्याचे एखादे छप्पर टाकून, स्वतःचा छोटासा कारखाना मांडतात. हाताला लागलेले वळण स्वस्थ बसू देत नाही, आणि गावाची गरजही संपलेली नसते. ऊसतोडणीच्या हंगामात येणाऱ्या बैलगाड्यांना रबरी टायर आले, तरी बैलांच्या मानेवरचे जू बहुधा लाकडाचेच असते. पोळपाट, पाट, देव्हाऱ्याची महिरप, पाळण्याचे कठडे आणि पोळ्याच्या दिवशी पुजायचे लाकडी बैल यांना आजही मागणी आहे. या सर्व वस्तूंमध्ये एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे वक्र रेषा. आणि वक्र रेषा कापण्यात पट्टाकरवतीचा, म्हणजेच सुतारमंडळी जिला सरसकट बँडसॉ म्हणतात त्या यंत्राचा, हात धरणारे दुसरे यंत्र नाही.

गावगाड्यातील बलुतेदार सुतार बाभळीच्या वाकड्या खोडातून जू काढी, तेव्हा त्याच्याजवळ वाकस, करवत, पटाशी आणि रंधा एवढाच सरंजाम असे. त्या हत्यारांनी जखमा होत नसत असे नाही. वाकसाने पायाची नडगी फुटल्याचे प्रकार जुन्या लोकांच्या ऐकिवात आहेत. परंतु त्या सर्व हत्यारांत एक स्वाभाविक मर्यादा होती. कारागिराचा हात थांबला की हत्यार थांबे, त्याचे लक्ष विचलित झाले की त्याच क्षणी हत्याराचे बळही ओसरे. कारण हत्याराला चालना देणारी शक्ती आणि त्याला दिशा देणारी बुद्धी ही दोन्ही एकाच देहात नांदत होती. विजेच्या मोटारीने ही दोन्ही एकमेकांपासून तोडली. शक्ती खांबावरून तारेने येऊ लागली, बुद्धी मात्र कारागिराच्याच मस्तकात राहिली. आणि या दोहोंमध्ये जे अंतर पडले, त्या अंतरातच यंत्रशाळेतील बहुतेक अपघात घडतात. पट्टाकरवतीच्या सुरक्षेसंबंधी जे काही सांगायचे आहे, त्याचा गाभा एवढाच, की पाते केव्हा चालेल आणि केव्हा थांबेल हे ठरविण्याचा अधिकार कारागिराने एका क्षणासाठीही दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ देता कामा नये, मग तो दुसरा कोणी म्हणजे घरातले मूल असो, वीजवाहिनी असो, अथवा चाकांचा स्वतःचा वेग असो.

यंत्राची रचना समजण्यास अवघड नाही. एकावर एक अशी दोन मोठी चाके, त्यांच्या धावेवर रबराचे आवरण, आणि या दोन चाकांना वेढून फिरणारा पोलादी पात्याचा अखंड पट्टा, ज्याच्या एका कडेला दात असतात. खालच्या चाकाला मोटार फिरविते, वरचे चाक पात्याला ताण देते व किंचित कलते करून पाते चाकाच्या मधोमध धावेल अशी तजवीज करते. मधल्या मोकळ्या भागात लाकूड ठेवण्याचे मेज असते आणि त्या मेजाला पाडलेल्या फटीतून पाते वरून खाली जाते. मेजाच्या वर आणि खाली पात्याला दोन्ही बाजूंनी आवरणारे मार्गदर्शक ठोकळे व पाठीमागून आधार देणारे बेअरिंग असते, आणि वरचे मार्गदर्शक एका सरकत्या दांड्यावर बसविलेले असल्यामुळे लाकडाच्या जाडीप्रमाणे ते वरखाली करता येतात. यंत्राचे माप चाकाच्या व्यासावरून सांगण्याचा प्रघात आहे. घरगुती कामाला चौदा इंची यंत्र पुरेसे होते.

ही कल्पना लंडनच्या विल्यम न्यूबेरी याने १८०९ साली पेटंट घेऊन नोंदविली. परंतु तत्कालीन पोलादाच्या पट्टीचा जोड चाकावरून वारंवार वाकून टिकत नसल्यामुळे ती जवळजवळ चार दशके कागदावरच राहिली. १८४६ साली आन पोलीन क्रेपाँ या फ्रेंच स्त्रीने पट्टीची टोके सांधण्याची रीत शोधून तिचे पेटंट घेतले, आणि पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते हक्क विकत घेऊन चांगल्या पोलादाची जोड दिली, तेव्हा कोठे पट्टाकरवत व्यवहारात आली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की ज्या जोडापाशी या यंत्राचा जन्म चाळीस वर्षे अडून बसला, तो जोड आजही त्यातील सर्वांत नाजूक जागा आहे. नवे पाते जोडून आणल्यावर त्या जोडावरून दोन्ही बाजूंनी नख फिरवून पाहावे. नखाला पायरी लागत असेल, किंवा पाठीची कड सरळ रेषेत नसेल, तर ते पाते चाकावर चढवू नये, परत द्यावे. यंत्र चालू असता नियमित अंतराने 'टक्, टक्' असा ध्वनी येऊ लागला तर तो बहुधा जोडाचा किंवा पात्यास गेलेल्या चिरेचा असतो, आणि तो ऐकून एवढी एक फळी पुरी करून घेऊ असे म्हणणे धोक्याचे असते.

वेगाचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. चौदा इंची चाकाचा परीघ सुमारे १.१२ मीटर, ते मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर पाते मिनिटाला सुमारे ८९० मीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १५ मीटर धावते. तासाला हा वेग सुमारे ५४ किलोमीटर भरतो; बारामतीच्या स्थानकातून सुटलेली एस. टी. गाडी न थांबता याच वेगाने गेली तर तासाभराच्या आत-बाहेर इंदापुरास पोहोचेल. आणि एवढा वेग असूनही डोळ्याला पाते जवळजवळ स्थिर दिसते, कारण चालत्या पट्टीत दात वेगळे दिसत नाहीत, केवळ एक चकाकती रेघ दिसते. चक्री करवतीचा कर्कश आवाजच माणसाला दूर लोटतो. पट्टाकरवतीचा आवाज त्या मानाने सौम्य असतो. शिवाय पात्याचा दाब लाकडाला खाली मेजावर धरून ठेवणारा असल्यामुळे, चक्री करवत ज्याप्रमाणे फळी उसळून कारागिराच्या पोटावर फेकते तसा प्रकार येथे सहसा होत नाही. या दोन गुणांमुळे हे यंत्र निर्धोक असल्याचा लौकिक झाला आहे, आणि तो लौकिकच पुष्कळदा घातक ठरतो. लाकूड उसळत नाही हे खरे, पण जे दात तीन इंच जाडीची बाभूळ कापतात त्यांना बोटाचे हाड कापायला काहीच वेळ लागत नाही.

आता विजेचा विषय. शहरातील पुस्तकांत याला दोन ओळी पुरतात. आपल्या भागात याला अधिक जागा दिली पाहिजे असे मला आग्रहाने वाटते. वस्तीवरची वीज बहुधा शेतीच्या वाहिनीवरून येते, तिचे वेळापत्रक कधी दिवसाचे तर कधी रात्रीचे, आणि त्या वेळापत्रकातही ती मध्येच जाते व येते. पट्टाकरवतीला साधी खटक्याची कळ असेल तर लाईट गेल्यावर यंत्र थांबते, परंतु कळ चालू स्थितीतच राहते. कारागीर थोडा वेळ वाट पाहतो, मग सहज म्हणून खालच्या चाकाचे दार उघडून साचलेला भुसा हाताने काढू लागतो, किंवा पात्याजवळ अडकलेली चिपळी बोटाने उचलू लागतो; आणि त्याच क्षणी, कोणाच्याही इच्छेवाचून, पाते पुन्हा धावू लागते.

याचा उपाय शेतकऱ्याच्या विहिरीवरच टांगलेला आहे. कृषिपंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल नावाचे एक विद्युतचुंबकी वेटोळे असते. वीज असेपर्यंतच ते संपर्क धरून ठेवते, वीज जाताच सोडून देते, आणि वीज परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्यावाचून मोटार सुरू होत नाही. नेमकी हीच योजना पट्टाकरवतीला हवी. एक अश्वशक्तीच्या, घरगुती २३० व्होल्टच्या मोटारीसाठीही अशी नो-व्होल्ट कळ मिळते व ती कोणताही जाणकार वायरमन बसवून देतो. परंतु याच ठिकाणी आपल्याकडे एक विपरीत प्रथा पडली आहे. रात्री-अपरात्री लाईट आल्यावर विहिरीपर्यंत चालत जाण्याचे कष्ट वाचावेत म्हणून पुष्कळ शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच जोडतात, जो वीज येताच मोटार आपोआप चालू करतो. सर्व पंप एकाच वेळी सुरू होऊन रोहित्रावर, लोकांच्या भाषेत डी. पी. वर, असह्य भार पडतो म्हणून ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवावेत असे आवाहन महावितरण वेळोवेळी करते. पंपाच्या बाबतीत त्याचा दुष्परिणाम रोहित्र जळण्यापर्यंत जातो. करवतीच्या बाबतीत तो माणसाच्या हातापर्यंत जाईल. पडून असलेला पंपाचा जुना स्टार्टर करवतीला वापरण्याची काटकसर ज्याला करायची असेल, त्याने त्यातील ऑटोस्विच समूळ काढून टाकल्याची खातरजमा स्वतःच्या डोळ्यांनी करावी. आणि कळ कोणतीही असो, लाईट गेली की प्रथम कळ बंद करून प्लग उपसून ठेवावा, मगच चाकाच्या दाराला हात लावावा.

ज्यांनी तीन फेजची मोटार जोडली आहे त्यांना आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. डी. पी. वर दुरुस्ती झाल्यानंतर कधी कधी दोन फेजांची अदलाबदल होते आणि मोटार उलट फिरू लागते. पंप पाणी फेकेनासा झाला की शेतकऱ्याच्या ते तत्काळ लक्षात येते. करवत उलटी फिरली तर पाते खालून वर धावते, आणि लाकडाला मेजावर दाबून धरण्याऐवजी वर उचलू पाहते. म्हणून दुरुस्तीची वार्ता कानी आली की लाकूड न लावता, बाजूला उभे राहून, यंत्र क्षणभर चालवून पात्याची दिशा पाहावी. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची शिस्त ठेवावी, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. बसवून घ्यावी, आणि पंखा-दिव्यासाठी ओढलेल्या बारीक वायरीवर हे यंत्र जोडू नये; विजेचा दाब उतरला की मोटार गुरगुरत तापते आणि पाते लाकडात रुतते.

रात्रीच्या पाळीला लाईट मिळते म्हणून रात्री काम करणारे काहीजण आहेत. त्यांच्या ध्यानात सहसा न येणारी गोष्ट अशी, की मोटारीची आणि दिव्याची वीज एकाच वेळी जाते, परंतु चाकांचा वेग एकाच वेळी जात नाही. कारागीर गडद अंधारात उभा, हात लाकडावर, आणि पाते अजून गतीच्या जोरावर निःशब्द धावत आहे, अशी ती अवस्था असते. घरात इन्व्हर्टर असेल तर यंत्रावरचा एक दिवा त्यावर अवश्य घ्यावा, नसेल तर बॅटरीवर आपोआप लागणारा दिवा टांगावा. आणि अंधार होताच लाकूड ढकलणे थांबवून, हात आहेत तेथून सरळ मागे, स्वतःच्या अंगाकडे घ्यावेत. ज्याने रात्रभर उसाला दारे धरली आहेत त्याने मात्र दुसऱ्या दिवशी या यंत्रासमोर उभे राहूच नये. जड झालेल्या पापणीला कोणतीही नो-व्होल्ट कळ उपयोगी पडत नाही.

पात्याची निवड आणि जुळणी हा कारागिरीचा भाग आहे असे लोक मानतात, पण तो तितकाच सुरक्षेचाही आहे. पाते चढविताना दातांची टोके खाली व आपल्याकडे असावीत. लाकडाच्या जाडीत कमीत कमी तीन दात सतत गुंतलेले राहतील असे पाते घ्यावे. जुवासारख्या जाड नगाला इंचाला तीन-चार दातांचे, तर पाव इंची प्लायवुडला इंचाला चौदा दातांचे. रुंदी ठरते ती वळणावरून. अर्धा इंच रुंदीचे पाते सुमारे अडीच इंच त्रिज्येपेक्षा लहान वळण घेऊ शकत नाही, पाव इंची पाते सुमारे पाऊण इंच त्रिज्येपर्यंत सुखाने वळते. जुवाची मंद कमान अर्ध्या इंचाने निघेल. महिरपीची नाजूक वळणे त्याच पात्याने काढण्याचा हट्ट धरला तर पाते पिळवटते, तापते आणि अखेर तुटते. वळण फारच तीव्र असेल तर टाकाऊ भागातून रेषेपर्यंत आडवे छेद अगोदर घेऊन ठेवावेत, म्हणजे तुकडे गळून पडत जातात आणि पात्याला वळायला जागा मिळते. अर्ध्या कापातून पाते मागे घेण्याची वेळ आलीच, तर आधी यंत्र बंद करून चाके पूर्ण थांबू द्यावीत. चालत्या पात्यावरून लाकूड मागे ओढले की पाते चाकावरून उतरते.

ताण, चाकावरची चाल, मार्गदर्शक ठोकळे यांची तपासणी नेहमी प्लग काढून आणि चाक हाताने फिरवून करावी. ठोकळे आणि पाते यांत कागदाच्या जाडीएवढी फट असावी. पाठीमागचे बेअरिंग मोकळ्या फिरण्यात पात्याला लागू नये, लाकूड लागल्यावरच त्याने आधार द्यावा. त्यानंतर सर्वांत महत्त्वाची व सर्वांत अधिक हयगय होणारी गोष्ट येते, ती वरच्या मार्गदर्शकाची उंची. लाकडाच्या माथ्यापासून तो पाव इंचापेक्षा अधिक वर ठेवू नये. सकाळी चार इंची नग कापला, दुपारी एक इंची फळी घेतली, आणि मार्गदर्शक सकाळच्याच उंचीवर राहिला, तर तीन इंच उघडे पाते कारागिराच्या बोटांसमोर विनाकारण नाचत राहते. शिवाय आधार दूर गेल्याने ते डगमगते व रेषा सोडते. लाकूड बदलले की मार्गदर्शक बदलायचा, हा क्रम इतका अंगवळणी पडावा की न बदलल्यास हाताला चुकल्यासारखे वाटावे.

लाकडाचीही झडती घेतली पाहिजे. आपल्याकडचे उत्तम लाकूड बांधावरच्या बाभळीचे, लिंबाचे, चिंचेचे, किंवा पाडलेल्या जुन्या वाड्याच्या सागवानाचे असते, आणि या दोन्ही प्रकारांत लोखंड दडलेले असते. बांधावरच्या झाडाला कोणे एके काळी काटेरी तार ठोकलेली असते व झाडाने ती वाढता वाढता पोटात घेतलेली असते. वाड्याच्या तुळईत जुने चौकोनी खिळे डोके तुटून राहिलेले असतात. खिळ्यावर गेलेले पाते क्षणात दात गमावते. काळसर निळे डाग दिसले की तेथे लोखंड गंजल्याची शंका घ्यावी, आणि चांगला चुंबक प्रत्येक फळीवरून फिरविण्याचा आळस करू नये. बाभूळ वाळल्यावर घनमीटरला सुमारे ८०० किलो भरण्याइतकी दाट होते; ती सावकाश, पाते मागेल त्या गतीने पुढे द्यावी. धार गेलेले पाते अधिक जोर मागते, आणि अधिक जोर लावणारा हात लाकूड अकस्मात संपताच तोल जाऊन पुढे झेपावतो. बोटे जाण्याचे जे प्रकार होतात, त्यांत कापाच्या शेवटच्या इंचाचा वाटा मोठा असतो.

म्हणून हातांचा बंदोबस्त कापाच्या आरंभी नव्हे तर शेवटच्या विचाराने करावा. दोन्ही हात पात्याच्या रेषेच्या दोन बाजूंना असावेत; अंगठा किंवा कोणतेही बोट पात्याच्या समोर, काप ज्या रेषेत पुढे येणार त्या रेषेत, कधीही ठेवू नये. हात पात्यापासून तीन इंचांच्या आत आले की हात बाजूला घेऊन ढकलकाठी घ्यावी, आणि ती काठी शोधावी लागू नये म्हणून यंत्रालाच टांगलेली असावी. गोल दांडके मेजावर नुसते ठेवून कापू नये. पाते त्याला गरकन फिरविते, आणि धरलेला हात त्याबरोबर ओढला जातो. फळीला इंग्रजी 'व्ही' आकाराची खाच पाडून त्यात दांडके घट्ट बसवावे. पोळ्याचे छोटे बैल किंवा खेळण्याची चाके यांसारखे लहान नग आधी सुटे करून मग त्यांना आकार देण्याचा मोह टाळावा. लांब फळीच्या टोकावर आकार आखावा, तो पूर्ण कापावा, आणि फळीपासून त्याला सर्वांत शेवटी अलग करावे. असे केल्याने धरायला शेवटपर्यंत हातभर लाकूड राहते. पोळपाटासाठी तर साधी युक्ती आहे. मेजावर एक सरकती पाटी बसवून तीत पात्यापासून त्रिज्येएवढ्या अंतरावर, आणि पात्याच्या दातांच्या बरोबर समोरासमोर, एक टोकदार खिळा उभा करावा, त्यावर लाकडाचा मध्यबिंदू बसवावा आणि नग सावकाश फिरवावा. दहा इंची पोळपाट अर्ध्या इंची पात्यानेही निर्दोष गोल निघतो आणि हात पात्याच्या आसपासही जात नाहीत.

हातमोजे हे एक प्रकरण पुष्कळांचा गोंधळ करते. पात्याची गुंडाळी सोडताना व बांधताना हातमोजे आणि चष्मा हवेतच, कारण ताणलेली पट्टी सुटून तोंडावर येऊ शकते. यंत्र चालू असता मात्र हातमोजे नकोत, कारण धागा दातात सापडला तर बोट सुटण्याची संधी उरत नाही. हाच न्याय उपरण्याला, धोतराच्या सोग्याला, मनगटातल्या गंड्यादोऱ्याला, अंगठीला आणि घरातल्या बाईमाणसांनी मदतीला हात लावला तर पदराला व बांगड्यांना लागू आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने यंत्राच्या धोक्याच्या भागांना आच्छादन, चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्यास अंगाबरोबर बसणारा पोशाख, आणि अल्पवयीनांना पुरेशा शिक्षणाशिवाय व देखरेखीशिवाय धोक्याच्या यंत्रावर मनाई अशी कलमे घातली. साखर कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला ही शिस्त नवी नाही. वस्तीवरच्या छपरात कारखाना-निरीक्षक येत नाही, एवढाच फरक आहे. तेथे मालक, कामगार आणि निरीक्षक हे तिन्ही हुद्दे एकाच माणसाने सांभाळायचे असतात.

भुशाची बाधा सावकाश होते, म्हणून तिची दखल उशिरा घेतली जाते. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, लाकडाच्या धुळीत वर्षानुवर्षे वावरणाऱ्या कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीतील एरवी अतिशय दुर्मिळ असा कर्करोग १९६० नंतरच्या दशकात डॉक्टरांच्या नजरेस आला. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना निश्चित कर्ककारक द्रव्यांत केली. सागवान आणि शिसव यांच्या धुळीने काहींची त्वचा पुरळून येते ती वेगळीच. नाकावर नुसता रुमाल बांधून सूक्ष्म धूळ अडत नाही, चांगल्या प्रतीची मुखपट्टी घ्यावी, आणि खालच्या चाकाच्या पेटीतील भुसा रोज काढावा. गोठ्याशेजारी कडबा आणि पाचट रचलेले असते. तेथे विडी आणि भुसा यांची गाठ पडू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

सर्व खबरदारी घेऊनही इजा झालीच, तर प्रथम यंत्र बंद करावे, जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा, आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. जखमेत हळद, चुना किंवा तंबाखू भरू नये. बोट तुटून पडले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी; बोट प्रत्यक्ष बर्फाला लावले तर त्यातील पेशी मरतात. बोट पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया बहुधा पुण्यासारख्या शहरातच होते, आणि इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. या काळजीने आणलेले बोट पुष्कळ तास जोडण्यायोग्य राहते, म्हणून घाबरून ते मागे सोडून जाऊ नये.

काम संपल्यावर कळ बंद केली तरी चाके काही काळ फिरत राहतात, आणि मोटारीचा आवाज थांबल्यामुळे पाते थांबल्याचा भास होतो. त्या अवधीत मेजावरचे तुकडे उचलू नयेत. यंत्रासमोर उभे राहून चाक थांबलेले पाहावे, मग प्लग काढावा. पात्याचा ताण सैल करून ठेवल्याने रबरी धावेवर खळगे पडत नाहीत आणि पाते व बेअरिंग अधिक टिकतात. पावसाळ्यात पात्याला तेलाचा हलका हात द्यावा. मात्र सैल सोडलेले यंत्र दुसऱ्या कोणी, किंवा दुसऱ्या दिवशी आपणच विसरून, तसेच चालू केले तर पाते चाकावरून उतरेल. त्यासाठी 'पाते सैल आहे' अशी अक्षरे लिहिलेली एक छोटी पाटी कळीवरच अडकवावी, जेणेकरून ती काढल्याशिवाय बटणाला बोट लागणार नाही. आणि सुटीत वस्तीवर नातवंडे येत असतील तर कळीच्या पेटीला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवावी.